तालुक्याच्या गावाने कोरोनाचे दिवस कसे काढले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मार्च २०२० पासूनच्या दोन वर्षांत वर्गापेक्षा जास्त दिवस मी नाक्यावर, घरोघरच्या सर्वेक्षणात, विलगीकरणाच्या खोल्यांत आणि लसीकरणाच्या टेबलावर काढले. आता कॉलेजची मुले प्रकल्पासाठी येऊन विचारतात, पुण्याला स्थायिक झालेले गावकरी फोनवर विचारतात, ज्यांच्या घरचे माणूस गेले ते कागद घेऊन येतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवतो आहे. आम्ही जिथे चुकलो तेही यात आहे.

हे गाव कोणते?

चंद्रपूर जिल्ह्यातले, तेलंगणाच्या हद्दीकडचे एक तालुक्याचे ठिकाण. नाव देत नाही, कारण पुढे लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत आणि इथे सगळे एकमेकांना ओळखतात. नगरपंचायत, तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, एसटी स्टँड, दोन जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), मंगळवारचा बाजार. भोवती कापूस, सोयाबीन, तूर आणि पूर्वेकडे सरकत गेले की धान. चंद्रपूर दीड तासावर, नागपूर चार तासांवर. हा दीड तास लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

पहिला रुग्ण सापडण्याआधी गावात काय चालले होते?

राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले आणि दोन दिवसांनी नागपुरात. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूला आमच्याकडेही थाळ्या वाजल्या. २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. आमच्या जिल्ह्यात मात्र मे उजाडेपर्यंत रुग्ण नव्हता, आणि शेजारच्या गडचिरोलीत मेचा पहिला पंधरवडाही तसाच गेला. म्हणजे रोग यायच्या महिनाभर आधी त्याची भीती येऊन बसली होती.

खेड्याखेड्यांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. तोंडाला दुपट्टा बांधलेली चार पोरे वही घेऊन वेशीवर बसायची आणि कोण आले, कोण गेले ते लिहायची. यात गावाची एकी होती, हे मी मानतो. पण एप्रिलमध्ये एका संध्याकाळी कळा सुरू झालेल्या बाईचा ऑटो अशाच एका काट्यांच्या आडोशापाशी अर्धा तास उभा राहिला. पोरांना "कोणालाच सोडायचं नाही" एवढेच सांगितलेले. शेवटी आशाताई पायी गेल्या आणि स्वतःच्या हाताने फांद्या ओढून त्यांनी वाट मोकळी केली. बाळंतपण सुखरूप झाले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वेशीवर एक नियम लागला: बाळंतीण, विंचू-साप चावलेला आणि छातीत दुखणारा, यांना नाव न विचारता सोडायचे.

बाहेरून परत येणाऱ्यांना गावात घेतले का?

घेतले, पण भांडणे झाली.

आमच्या भागातली शेकडो कुटुंबे दरवर्षी धान निघाले की मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम आणि वरंगलच्या बाजूला. उन्हाळा लागला की परततात. मजुरीचा काही भाग पैशांत, काही मिरचीच्या रूपात मिळतो. टाळेबंदीत ही माणसे तिकडेच अडकली. ज्यांचे काम संपले, पैसे संपले, ते लेकरांना खांद्यावर घेऊन जंगलवाटांनी निघाले. रात्री चालायचे, दिवसा झाडाखाली थांबायचे. हद्दीवर तपासणी करून त्यांना चौदा दिवस शाळांमध्ये ठेवायचे ठरले. आमच्या शाळेत पहिल्याच खेपेला सत्तावीस माणसे आली.

त्यांच्याबरोबर मिरचीची पोती होती. ती वर्गाच्या एका कोपऱ्यात रचली. एप्रिलचे ऊन, वर पत्रे आणि खाली वाळलेली लाल मिरची. दुपार झाली की खोकल्याची उबळ एकाला आली म्हणजे सगळ्यांना यायची. बाहेर कुंपणापाशी उभे असलेले गावकरी तो खोकला ऐकायचे आणि सरळ तहसीलला फोन लावायचे, "सगळ्याईले झाला, घेऊन जा." तिसऱ्या दिवशी आम्ही पोती व्हरांड्यात काढली आणि खोकला थांबला. एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, मिरचीले भेत नाई जी आमी, लोकाईले भेतो." ही पोती म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. त्या उन्हाळ्यात मिरचीला गिऱ्हाईक नव्हते.

पुण्या-मुंबईहून परतलेल्या पोरांचेही तसेच. कंपनी बंद पडली, खोलीचे भाडे चढत गेले, तेव्हा ते गावाकडे निघाले. सख्ख्या भावाने भावाला ढोरांच्या गोठ्यात झोपवले, असेही पाहिले. त्यात कोणाला दोष द्यावा असे मला आजही वाटत नाही, कारण बऱ्याच घरांत दुसरी खोलीच नव्हती. असलीच तर ती कापसाने भरलेली होती.

कापसाचा आणि कोरोनाचा काय संबंध?

त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. मार्च अखेर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आणि राज्याच्या पणन महासंघाची खरेदी थांबली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांचा कापूस घरातच होता. एप्रिलच्या शेवटी खरेदी सुरू झाली, पण नोंदणी, टोकन आणि दिवसाला मोजक्याच गाड्या. खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारे खासगी व्यापारी, हजार-बाराशे रुपये कमी देत होते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते त्याने त्या भावात देऊन टाकला. ज्याला थोडी कळ काढता आली तो जूनपर्यंत वाट पाहत बसला.

कापूस उन्हाळ्यात घरात राहिला की अंगाला खाज सुटते, हे इकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यात वरून आदेश आला की संशयित रुग्णाने घरात वेगळ्या खोलीत राहावे. सर्वेक्षणाला गेलो तेव्हा एका घरात छतापर्यंत कापूस, त्याच्या पायथ्याशी खाट आणि खाटेवर तापाने फणफणलेला माणूस पाहिला. बाहेरच्या ओसरीत घरातली बाकीची सहा माणसे. तिथे "विलगीकरण" हा शब्द मला उच्चारवला नाही. म्हणून समाजमंदिर आणि वसतिगृह उघडावे लागले.

विदर्भाच्या उन्हात विषाणू मरेल असे लोकांना खरेच वाटत होते?

हो, शिकलेल्यांनाही. मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात नागपूरचा पारा ४७ अंशांवर गेला, तेव्हा पारावर "आता संपला" अशीच चर्चा होती. हा विषाणू माणसाच्या श्वासातून माणसाकडे जातो आणि माणसाचे अंग जूनमध्येही ३७ अंशांवरच असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण झपाट्याने वाढले, २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली, आणि एप्रिलच्या भर उन्हात आमच्या गावात सर्वांत जास्त माणसे गेली.

लोक चाचणी करून घ्यायला का तयार नव्हते?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. खाटा कमी होत्या, औषधे कमी होती, हे खरे आहे. पण आमच्या गावातली जी माणसे गेली त्यांतली बरीच ताप आल्यापासून चाचणी होईपर्यंतच्या पाच-सहा दिवसांत हातची गेली. ते दिवस खाटेने खाल्ले नाहीत, भीतीने खाल्ले.

भीती कसली होती ते समजून घ्या. पहिल्या लाटेत एखाद्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला की सायरन वाजवत अॅम्ब्युलन्स गल्लीत यायची. पांढरे किट घातलेली माणसे उतरायची, घरावर कागद चिकटवायची, गल्लीच्या तोंडाला बांबू ठोकायची. अर्ध्या तासात त्या माणसाचे नाव व्हॉट्सअॅपवर तालुकाभर. घरचे बाकीचे विलगीकरणात. मागे गाय दावणीला, तिला पाणी कोण पाजणार? दूध डेअरीवाला त्या घराचे दूध घ्यायचा नाही. बरा होऊन आलेल्याला हातपंपावर लोक म्हणायचे, "तू दुपारी येजो." एका न्हाव्याचे दुकान त्याचा स्वतःचा आजार पंधरा दिवसांत संपल्यावरही चार महिने रिकामे राहिले. हे ज्याने पाहिले तो पुढच्या वर्षी ताप आल्यावर कशाला सांगेल?

त्यात अफवा. दवाखान्यात नेले की किडनी काढतात, प्रेत प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतात आणि तोंड पाहू देत नाहीत. पहिली गोष्ट खोटी होती. दुसरी बऱ्याच अंशी खरी होती, आणि खऱ्याच्या आधाराने खोटे चालून जाते.

म्हणून लोक "टायफॉइड" व्हायचे. ताप आला की नेहमीच्या डॉक्टरकडे जायचे, तिथे रक्त तपासले की टायफॉइडचा अहवाल हमखास यायचा, सलाईन लागायची आणि सगळ्यांना बरे वाटायचे, कारण टायफॉइडला गल्ली बंद होत नाही.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, असेच गेले. एप्रिल २०२१. सहा दिवस एका खासगी दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ सलाईन घेऊन घरी येत होते. मी रोज दुसऱ्यांच्या घरी जाऊन ऑक्सिजन मोजत होतो आणि माझ्याच मोठ्या घरी मला "साधा टायफॉइड आहे, तू येऊ नको, तुझी ड्युटी बाहेरची" असे सांगितले जात होते. सातव्या दिवशी मोठीआईने फोन केला, की हे बसल्या बसल्या बोलताना थांबतात. गेलो. बोटाला यंत्र लावले, आकडा ७८. ते मला म्हणाले, "काही नाई रे, उन्हाचा त्रास होय." त्यांना दम लागलेला त्यांनाच कळत नव्हता. या आजारात ऑक्सिजन उतरतो आणि माणूस बोलत-चालत राहतो, हेच तर त्यातले भयंकर. ग्रामीण रुग्णालयात अँटीजन चाचणी पॉझिटिव्ह आली, १०८ ने चंद्रपूरला निघालो. तो दीड तास. तिथे खाट मिळेपर्यंत रात्र झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. त्या दिवसांत जिल्ह्यातली माणसे आपला रुग्ण घेऊन खाटेसाठी तेलंगणापर्यंत फिरली आहेत, तेव्हा आम्हाला खाट मिळाली तरी, एवढेच.

मग ही भीती कमी कशी झाली?

आदेशाने झाली नाही. दोन बदलांनी झाली.

पहिला म्हणजे अॅम्ब्युलन्स सायरन न वाजवता, शक्यतो अंधार पडल्यावर येऊ लागली आणि घरावरचे कागद थांबले. नगरपंचायतीच्या बैठकीत आम्ही चार शिक्षकांनी आणि दोन आशाताईंनी हे मागितले. दुसरा म्हणजे रुग्णाच्या घरच्या ढोरांची आणि वावराची जबाबदारी. कोण चारा टाकेल, कोण दूध काढेल, हे आधी ठरवायचे आणि मग चाचणीबद्दल बोलायचे. एका बचत गटाच्या बायकांनी हे काम अंगावर घेतले. त्यांनी चाळीसच्या वर घरांची ढोरे सांभाळली. "तुमची म्हैस मी पाहतो, तुम्ही नाकातली काडी करून या" असे म्हटल्यावर नाही म्हणणारे फार कमी निघाले.

आशाताई नेमके काय करत होत्या?

सगळे. १५ सप्टेंबर २०२० पासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम सुरू झाली, त्यात प्रत्येक घरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचे होते. पण त्याच्या आधीपासून आणि नंतरही त्या फिरतच होत्या. गावाकडे साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. तिला कोणाच्या घरी कोण राहते, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला साखर आहे, कोणाला बीपी आहे, हे तोंडपाठ.

एका ताईंबरोबर मी महिनाभर फिरलो. त्या दारात उभ्या राहून "ताप आहे का?" असे कधीच विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "काल वावरात काहून नाई दिसला भाऊ?" निंदणाच्या दिवसांत वावरात न गेलेला माणूस म्हणजे आजारी माणूस. चूल पेटलेली नसली तर घरातली बाई आजारी. दारात चहाला बसलेल्या सासऱ्याकडे पाहत त्या बोलता बोलता त्याचे बोट हातात घ्यायच्या. शेतातल्या माणसाचे बोट खरबरीत, मळलेले, त्यावर यंत्र नीट आकडा दाखवत नाही. म्हणून त्या आधी पदराने पुसायच्या, हाताने चोळून गरम करायच्या, बाईच्या नखावर मेंदी किंवा रंग असेल तर दुसरे बोट घ्यायच्या आणि मिनिटभर थांबायच्या. मग त्याच माणसाला अंगणात सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजायच्या. बसून ९६ आणि चालून ९१ आला, तर त्याला त्या सोडायच्या नाहीत. ९४ च्या खाली आकडा म्हणजे दवाखाना, हे आमच्या गावातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही त्यांच्यामुळे पाठ झाले.

या कामासाठी त्यांना केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये जादा भत्ता होता. दिवसाला तेहतीस रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा काही लोक म्हणाले की ही काय वेळ आहे. माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे, की ती मागणी रास्त होती आणि आपण त्यांना ती मागायला लावली, हीच आपली चूक.

ऑक्सिजन संपला तेव्हा काय केले?

हिशेब शिकलो. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर एक सिलिंडर साडेअकरा तास पुरतो, पाच लिटरवर तेवीस तास. आमच्या रुग्णालयात दहा जण ऑक्सिजनवर असताना दिवसाला पंधरा-वीस सिलिंडर लागायचे आणि भरून आणायला गाडी रोज चंद्रपूरला. गाडी रांगेत अडकली की इकडे प्रत्येकाचा जीव टांगणीला. २३ एप्रिल २०२१ ला विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूरला पोचली आणि तिथे तीन टँकर उतरले, ही बातमी आमच्या वॉर्डातल्या नातेवाइकांनी एकमेकांना हात जोडून सांगितली.

त्या दिवसांत एका परिचारिकेने सगळ्यांना पोटावर झोपवायला शिकवले. छातीखाली आणि कमरेखाली उशी, मान एका बाजूला, दर दोन तासांनी कूस बदल. उशा नव्हत्या म्हणून जिनिंगमधून रुई आणली आणि बायकांनी रातोरात खोळी शिवल्या. ८८ वर असलेला माणूस पालथा झोपल्यावर अर्ध्या तासात ९३ वर गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. यात एका रुपयाचा ऑक्सिजन लागत नाही.

ऑक्सिजन तयार करणारी छोटी यंत्रे, कॉन्सन्ट्रेटर, लोकवर्गणीतून आणि बाहेर नोकरीला असलेल्या मुलांच्या मदतीतून मिळाली. त्यांना वीज लागते, आणि इकडे वीज जाते. म्हणून प्रत्येक यंत्राच्या शेजारी एक भरलेला सिलिंडर ठेवायचाच, हा धडा पहिल्याच रात्री मिळाला.

रेमडेसिवीरसाठी लोक एवढे का धावले?

कारण डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून हातात दिले की घरच्यांना वाटायचे, आता जीव आपल्या धावण्यावर आहे. लोकांनी डोरले मोडले, वावर गहाण टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दवाखान्यातल्या रुग्णांसाठी हे औषध नको असे म्हटले होते. ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी करणारे औषध म्हणून सिद्ध झाले होते ते डेक्सामेथासोन, काही रुपयांचे स्टेरॉइड. तेही डॉक्टरच्या नजरेखालीच, कारण साखर वाढते. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले त्याच्या मुळाशी न आटोपलेली साखर आणि अवाजवी स्टेरॉइड होते.

मजुरांच्या पोटाचे काय झाले?

रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य आले, जनधन खाते असलेल्या बायकांना तीन महिने पाचशे रुपये आले, आणि शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. धान्याने उपासमार टळली, हे निर्विवाद. पण तेल, मीठ, साबण आणि आजारपण धान्यावर भागत नाही. मोहफूल वेचण्याचा हंगाम बाजाराविना गेला. तेंदूपत्त्याचे काम मेमध्ये सुरू झाले आणि जंगलाकडच्या घरांना तेवढा हात मिळाला. मंगळवारचा बाजार बंद होता, तेव्हा भाजीवाल्या बायका गल्लोगल्ली टोपले घेऊन फिरल्या. त्यांतल्या काही अजून तशाच फिरतात.

लशीला विरोध होता का?

सुरुवातीला भीती होती, विरोध म्हणवत नाही. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चपासून साठीच्या वरचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरचे. "लस घेतली की दोन वर्षांनी माणूस मरतो" हे तेव्हा मोबाईलवर फिरत होते. पण खरे नुकसान आमच्याकडे दुसऱ्याच गोष्टीने केले. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीसच्या लोकांना लस मिळणार होती, पण मोबाईलवर नोंदणी करून. इकडे झाडावर चढल्याशिवाय रेंज नाही. शहरातली मुले जलद इंटरनेटवर आमच्या केंद्रांच्या वेळा आरक्षित करायची आणि गाडीने येऊन टोचून जायची. आमचा मजूर रांगेत उभा राहून पाहायचा. लस तुटपुंजी म्हणून काही दिवसांतच राज्याने त्या वयोगटाचे लसीकरण थांबवले. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधले अंतरही मेमध्ये बारा ते सोळा आठवडे झाले, तेव्हा सहा आठवड्यांनी आलेले म्हातारे उन्हात परत गेले. परत गेलेल्या माणसाला पुन्हा आणणे फार कठीण असते.

कुपीचीही अडचण होती. कोविशिल्डची कुपी दहा जणांची, उघडली की चार तासांत संपवायची. सात माणसे आली की आम्ही तिघांसाठी गल्लीत शोध घ्यायचो. पुढे ऑक्टोबरच्या "मिशन कवच कुंडल" आणि नोव्हेंबरच्या "हर घर दस्तक" मोहिमांत आम्ही वावरात गेलो. कापूस वेचणाऱ्या बायकांना धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत लस दिली आणि अर्धा तास तिथेच बसवले. मालकाने त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नये, हे आधी बोलून घ्यावे लागे.

शाळेतल्या मुलांचे किती नुकसान झाले?

हा माझा दुखरा भाग आहे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल पहिल्यांदा वर्गात बसले ते १ डिसेंबर २०२१ ला, आणि तेव्हा ते दुसरीत होते. त्या सकाळी एका मुलाने पाटीवर अक्षर काढायला अंगठ्याने पाटी सरकवली, मोबाईलवर सरकवतात तशी. पेन्सिल धरायला त्याला पंधरा दिवस लागले. त्याच्या घरी मोबाईल होता, म्हणजे तो नशीबवान. माझ्या बत्तीसपैकी अकराच घरांत मोठा मोबाईल होता आणि तो बापाबरोबर कामावर जायचा. आम्ही मंदिराच्या ओट्यावर, झाडाखाली पाच-पाच मुले बसवून शिकवले. सातवी-आठवीच्या मुली कापूस वेचायला गेल्या त्या सगळ्या परतल्या नाहीत. तिघींची लग्ने झाली. एकीचे लग्न थांबवता आले.

लग्ने, मयती?

लग्नाला आधी पन्नास, एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसे आणि दोन तास. मयतीला वीस. लग्ने तशी निभावली. तेराव्याला न जाता आलेले लोक मात्र अजून भेटले की त्या घरी जाऊन बसतात.

मृत्यू झालेल्यांच्या घरी मदत मिळाली का?

कोरोनाने मृत्यू झाल्यास वारसाला ५०,००० रुपये देण्याची योजना राज्यात नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरला गेला, दवाखान्याबाहेर झाला तरी. आई-वडील दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. मोठीआईला पैसे मिळाले, कारण शेवटच्या दिवशी का होईना, अँटीजनचा कागद होता.

आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईला मिळाले नाहीत. तिचा नवरा त्याच आठवड्यात, त्याच लक्षणांनी घरीच गेला. हातात टायफॉइडचा अहवाल आणि सलाईनच्या पावत्या. तिच्याबरोबर मी जिल्ह्याच्या तक्रार समितीपर्यंत गेलो. चाचणी नाही, दवाखान्यातला कागद नाही, तर काय दाखवणार? चाचणी टाळून आधी माणूस गेला आणि मग त्याच्या जाण्याचा पुरावाही नाही. अशी घरे आमच्या तालुक्यात एक-दोन नाहीत.

अजूनही माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी एकच गोष्ट आधी विचारतो: सातबाऱ्यावर नाव चढले का? तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करायचा, वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला नोंद होते आणि मग फेरफार. दीर-भासरे "करू नंतर" म्हणत असतील तरी थांबू नका. नाव नसेल तर पीक कर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही. हे लिहिताना तीन बायकांच्या नोंदी बाकी आहेत आणि त्यांच्याबरोबर तहसीलला जाणे चालू आहे.

आता ताप-खोकला आला तर काय करावे?

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, विषाणू मात्र आहे. बहुतेकांना सर्दीसारखा होऊन जातो. साठीच्या वरचे, साखर, दमा, किडनीचा आजार असलेले आणि गरोदर बाया यांनी तीन दिवसांच्या वर ताप अंगावर काढू नये. दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना. घरात लहान बाळ किंवा म्हातारे माणूस असेल तर तोंडाला दुपट्टा बांधावा, तो आपल्याकडे खुंटीला असतोच.

वर्गणीतून घेतलेली ऑक्सिजनची यंत्रे आता कुठे आहेत?

सहापैकी चार ग्रामीण रुग्णालयात, दोन शाळेच्या कार्यालयात. दम्याच्या आणि क्षयाने फुप्फुस खराब झालेल्या रुग्णांना घरी वापरायला नेता येतात, पैसे नाहीत, फक्त वहीत सही. नेणाऱ्याने मागची जाळी आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची आणि बाटलीतले पाणी रोज बदलायचे. कोणी नेले नसेल तर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि आठवीची दोन मुले ती अर्धा-अर्धा तास चालवून पाहतो.